संमतीने घटस्फोट घेताना कोथरूडचा फ्लॅट विकावा की ठेवावा?

प्रश्न थोडक्यात: वय ४१, पुण्यात नोकरी, हातात पगार ९५ हजार. मुलगी १२ वर्षांची, शाळा घराजवळ. २०१६च्या मेमध्ये दोघांच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटला मुद्रांक-नोंदणीसह ६६ लाख लागले. त्यातले १० लाख माझ्या वडिलांचे, कर्ज ५० लाखांचं. हप्ता दोघांनी निम्मा-निम्मा भरला. आज फ्लॅटची किंमत साधारण १ कोटी ३० लाख, कर्ज बाकी ३६ लाख. मिस्टर एकरकमी पोटगी २० लाख आणि मुलीसाठी महिना १५ हजार देणार आहेत. त्यांना पुढच्या वर्षी जर्मनीला जायचं आहे, म्हणून फ्लॅट विकायचा आहे. मला तो मुलीसाठी ठेवायचा आहे. भाऊ म्हणतो, ती १८ची होईपर्यंत दोघांच्या नावावर राहू दे. माझी बचत १४ लाख. विकला तर शाळेजवळ २८ हजार भाड्याने घर मिळतं.

उत्तर: भावाचा पर्याय आधी बाजूला ठेवा. कर्जाचा करार बँकेशी आहे आणि कोर्टाचा हुकूम बँकेला बांधत नाही. हप्ता कोणी भरायचा हे हुकुमात कितीही स्पष्ट लिहिलं तरी जर्मनीतून दोन हप्ते चुकले की बँक तुम्हाला फोन करणार आणि सिबिल तुमचाही खराब होणार. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर त्यांच्या निम्म्या हिश्शावर मुलीबरोबर त्यांच्या आईचा आणि दुसरं लग्न केलं असल्यास त्या पत्नीचाही हक्क येतो. सहा वर्षं असं टांगून राहण्यात मला काहीच फायदा दिसत नाही.

आता ठेवायचं गणित. १ कोटी ३० लाखांतून कर्ज वजा केलं की ९४ लाख राहतात, म्हणजे त्यांचा वाटा ४७ लाख. पोटगीचे २० लाख त्यात वळते केले तर तुम्ही त्यांना २७ लाख द्यायचे, शिवाय ३६ लाखांचं कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचं. एकूण ६३ लाख. बँका साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरतात. साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता, म्हणजे तुम्हाला कर्ज मिळेल ५५ लाखांच्या आसपास. वरचे ८ लाख बचतीतून जातील.

इथपर्यंत बहुतेकांनी हिशेब केलेला असतो. विसरतं ते मुद्रांक शुल्क. पैसे देऊन हिस्सा घेतला की हक्कसोड पत्रालाही (एका मालकाने आपला हिस्सा दुसऱ्याला सोडल्याचा दस्त) खरेदीखतासारखंच शुल्क पडतं. पुण्यात ७ टक्के धरले तर ६५ लाखांच्या निम्म्या हिश्शावर ४ लाख ५५ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. बचतीत उरले लाख-सव्वा लाख. हप्ता ४७,७०० आणि गाठीला लाखभर, अशा अवस्थेत मी तुम्हाला फ्लॅट ठेवा म्हणणार नाही.

कोणीतरी सुचवेल, बक्षीसपत्र करा, नवरा-बायकोत मुद्रांक नाममात्र आहे. ते खरं आहे, पण दोन अटींवर. ते खरोखर विनामोबदला हवं. २७ लाख घेऊन कागदावर 'प्रेमापोटी' लिहिणं हा खोटा दस्त आहे आणि पैसे बँकेतून गेले की तो उघडाही पडतो. दुसरं, हुकूम होण्याआधी करायला हवं, कारण हुकुमानंतर तुम्ही पत्नी राहत नाही. तुमच्या तडजोडीत मोबदला आहेच, तेव्हा हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

एक जागा मात्र आहे जिथे उत्तर बदलू शकतं: वडिलांचे १० लाख. इंडेक्स-टूवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) हिस्सा लिहिलेला नसेल तर सगळे निम्मा-निम्मा धरतात. २०१६चं वडिलांचं आणि तुमचं बँक स्टेटमेंट काढा. रक्कम त्यांच्या खात्यातून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून बिल्डरला गेलेली दिसली, तर ती वाटणीआधी बाजूला काढण्याची मागणी रास्त आहे. मिस्टरांनी मान्य केलं तर लागणारे ६३ लाख ५८वर येतात आणि मुद्रांक-नोंदणी भरूनही सहा लाखांच्या आसपास हातात राहतात. तेवढं झालं आणि बँकेने एकटीच्या नावावर लेखी मंजुरी दिली, तरच ठेवण्याचा विचार करा. तरीही ओढाताण होईल: हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, सगळं एका पगारावर.

माझा कल विकण्याकडे आहे. दलालीचे १ टक्का धरून आणि कर्ज फेडून ९२ लाख ७० हजार उरतात. तुमचा वाटा ४६ लाख ३५ हजार, वडिलांचे पैसे मान्य झाले तर ५१ लाख ३५ हजार. वर पोटगीचे २० लाख. एकरकमी पोटगीवर सहसा कर लागत नाही, मासिक पोटगी मात्र करपात्र धरतात.

भांडवली नफ्यावरचा कर दोन पद्धतींनी काढून पाहायचा, कारण खरेदी २३ जुलै २०२४च्या आधीची आहे. महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्क्यांनी तुमच्या निम्म्या हिश्शावर उपकरासह ४ लाख ८ हजार येतो. २०२५-२६चा निर्देशांक लावला तर ६६ लाखांचे ९४ लाख होतात आणि २० टक्क्यांनी कर येतो ३ लाख ६१ हजार. दुसरी पद्धत स्वस्त पडते, पण ती फक्त निवासी भारतीयांना आहे. इथे जर्मनीचा मुद्दा येतो. ते अनिवासी झाल्यावर विक्री झाली तर त्यांना ही सवलत नाही आणि खरेदीदाराला त्यांच्या हिश्शावर १ टक्क्याऐवजी कितीतरी जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो. असं कळलं की निम्मे ग्राहक मागे सरतात. म्हणून विक्री त्यांनी जाण्याआधी झालेली दोघांच्याही हिताची. तोवर विक्री राहिलीच तर त्यांनी याच एका फ्लॅटपुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून जावं, सगळ्या मिळकतींचं नाही.

घटस्फोटाची पहिली तारीख आणि दुसरी तारीख यांत साधारण सहा महिने जातात. कोर्ट ते माफही करू शकतं. दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी अटींत, किमान किती किमतीला विकायचं, विकेपर्यंत हप्ता कोण भरणार, अमुक तारखेपर्यंत ग्राहक न आल्यास किंमत किती खाली आणायची, हे आकड्यांत लिहा. 'योग्य किमतीला विकू' एवढंच लिहिलं की भांडण तिथूनच सुरू होतं.

विक्रीच्या वेळी बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्या. फ्लोटिंग कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. ग्राहकाची बँक ३६ लाख थेट तुमच्या कर्जखात्यात भरेल. फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये बँक देणं लागते. उरलेल्या रकमेचे दोन वेगळे डीडी दोघांच्या नावाने घ्या, जॉइंट खात्यात एक रुपयाही नको. टीडीएसचे १ लाख ३० हजारही दोन पॅनवर ६५-६५ हजार भरले गेले का, हे स्वतः तपासा. ग्राहक बऱ्याचदा पहिल्या नावाच्या पॅनवर सगळं टाकून मोकळे होतात आणि दुसऱ्याला रिटर्न भरताना क्रेडिट दिसत नाही.

नंतर लगेच दुसरं घर घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या २८ हजार भाड्यात शाळेजवळच दोन वर्षं राहा. तेवढ्या मुदतीत घर घेतलं आणि त्यात किमान ३१ लाख ३५ हजार, म्हणजे तुमच्या हिश्शाचा निर्देशांक न लावलेला नफा, गुंतवला तर कर पूर्ण वाचतो. तोवर नफ्याची ती रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी 'कॅपिटल गेन्स अकाउंट'मध्ये (अशा नफ्यासाठीचं बँकेतलं खास खातं) टाकावी लागते. साध्या एफडीत ठेवली तर सवलत जाते. बाकीची रक्कमही एकाच बँकेत ठेवू नका, ठेवविम्याची मर्यादा बँकेमागे ५ लाख आहे. आणि पीएफ, विमा, म्युच्युअल फंडावर नॉमिनी म्हणून अजून मिस्टरांचंच नाव असेल, तर तो अर्ज हुकूम झाल्याच्या आठवड्यातच देऊन टाका.