एकामागोमाग उतरणाऱ्या विमानांमध्ये अंतर कसे राखले जाते?

आपण विचारले आहे की रात्री मुंबईकडे येणाऱ्या विमानांचे दिवे एकाच रेषेत खाली सरकताना दिसतात, मग मागचे विमान पुढच्यावर आदळत कसे नाही आणि हे अंतर वैमानिक डोळ्यांनी पाहून राखतात का. मी अनेक वर्षे अप्रोच नियंत्रक (विमानतळाकडे येणाऱ्या विमानांना सूचना देणारा) म्हणून रडारसमोर बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हे अंतर नुसत्या नजरेवर सोडलेले नसते. विमानतळाच्या परिसरात रडारच्या देखरेखीत असलेल्या दोन विमानांमध्ये उंचीचे 1000 फूट किंवा आडवे 3 नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर), यांपैकी एक तरी अंतर असावेच लागते. विमाने धावपट्टीपासून दूर असताना उंचीचे अंतर सोयीचे पडते: खालच्या विमानाने 7000 फुटांची पातळी सोडल्याची खात्री झाल्याशिवाय वरच्याला तिथपर्यंत उतरण्याची परवानगी मिळत नाही. वैमानिक ती उंची पुन्हा उच्चारून दाखवतो आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची असते, कारण आकड्याची चूक तिथेच पकडता येते.

खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात लागते. सगळी विमाने साधारण 3 अंशांच्या एकाच उतारावर येतात. त्या उतारावर दर नॉटिकल मैलाला सुमारे 318 फूट उंची कमी होते, म्हणजे 3 मैल मागे असलेले विमान पुढच्यापेक्षा जेमतेम 950 फूट वर असते. उंचीचा आधार तिथे पुरत नाही, म्हणून आडवे अंतर त्याआधीच पक्के करावे लागते. पुढचे विमान 140 नॉटवर (म्हणजे ताशी 140 नॉटिकल मैलांवर) आले आणि मागचे 180 वरच राहिले, तर तीन मिनिटांत मधले 2 मैल नाहीसे होतात. त्यामुळे मागच्याचा वेग वेळीच कमी करायला लावणे किंवा त्याला वळवून लांबच्या वाटेने आणणे, यातच नियंत्रकाचे बहुतेक लक्ष गुंतलेले असते. पुढचे विमान जड असेल, तर त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे मध्यम आकाराच्या विमानाला 5 मैल मागे ठेवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते आणि उतरणाऱ्या दोन विमानांमधून एक उडवायचे, तर तेवढी जागाही आधीच राखावी लागते.

हे आकडे मला कधी कोरडे वाटले नाहीत, कारण 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ या पेशातले कोणीच विसरत नाही. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांची, तर दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांची उंची दिलेली होती आणि समोरून विमान येत असल्याचेही उतरणाऱ्या विमानाला कळवले होते. तरीही ते दिलेल्या उंचीच्या खाली गेले आणि हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व 349 जण मृत्युमुखी पडले. येणारी-जाणारी विमाने एकाच मार्गावर होती आणि तेव्हाच्या रडारवर त्यांची उंची दिसत नव्हती. त्यानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि भारतात टक्कर टाळणारे टीकॅस हे उपकरण विमानांत सक्तीचे झाले.

टीकॅसने ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा आदेश दिला, तर नियंत्रकाची सूचना उलटी असली तरी वैमानिकाने उपकरणाचेच ऐकायचे असते. 2002 साली जर्मनीतील उबरलिंगेनजवळ तसे न घडल्याने 71 जीव गेले. म्हणूनच वैमानिकाने असा आदेश मिळाल्याचे कळवले की धोका टळल्याचा निरोप येईपर्यंत नियंत्रक त्या विमानाचा मार्ग किंवा उंची बदलणारी कोणतीही सूचना देत नाही.