बाबा केंद्रात जायलाच तयार नाहीत, काय करू?

मी समुपदेशन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की समोरच्याच्या दुसऱ्या वाक्यालाच मला पुढचं कळतं. आई किंवा बाबा दिवसभर घरात एकटे असतात, जवळच ज्येष्ठांसाठी केंद्र आहे, तिथे व्यायाम होतो, वाचनालय आहे, बीपी-शुगर तपासतात, गप्पांचा ग्रुप आहे, सगळं आहे आणि हे जायलाच तयार नाहीत. शेवटी "किती समजावलं, पण हट्ट सोडत नाहीत" हे येतंच. म्हणून एका केसबद्दल जरा सविस्तर लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच सेशन्समधलं बोलणं थोडक्यात आणलंय.

आधी मुलगी एकटीच आली. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, आई जाऊन काही वर्षं झालेली, नोकरीत असताना कायम माणसांच्या घोळक्यात असणारे. केंद्रात नाव तिनेच घातलं, सुरुवातीला सोडायलाही गेली, थोडे दिवस ते गेले आणि मग अचानक बंद. विचारलं की एकच उत्तर, "तिथे सगळे रडगाणी गात बसतात, मला नाही जमत." तिने त्याचा अर्थ लावला की बाबांना स्वतःला म्हातारं म्हणवून घ्यायचं नाहीये, अहंकार नडतोय.

मी तिला विचारलं, "ते जायचे तेव्हा तिथे नेमकं काय व्हायचं, हे कधी विचारलंत?"

"का जात नाही ते रोजच विचारते की."

"का जात नाही, असं नाही. तिथे काय व्हायचं ते."

नव्हतं विचारलं. सहसा कोणीच विचारत नाही. "का जात नाही" म्हटलं की माणूस कारण देतो, आणि मान राहील असंच कारण देतो. काय घडलं ते विचारलं तर हळूहळू प्रसंग बाहेर येतो. माझं बरंचसं काम या एका फरकावर चालतं.

मग बाबा आले. हसतमुख, नीटनेटके. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे कमी आणि ओठांकडे जास्त बघत होते. मी वहीत लिहायला मान खाली घालून काही विचारलं की उत्तर भलतंच यायचं किंवा नुसतं "हो, हो". मी वही मिटली, पंखा बंद केला आणि खुर्ची त्यांच्या समोर ओढून घेतली.

"काका, केंद्रात गेलात, दारातून आत शिरलात. मग?"

"मग काय, बसलो. मोठा हॉल, भरपूर माणसं, वर पंखे, एका बाजूला कॅरम चाललेला."

"कोणी बोललं तुमच्याशी?"

"बोलले ना. चांगली माणसं आहेत."

घरी ज्यांना रडगाणी गाणारी म्हटलं ती माणसं इथे चांगली झाली होती. मी काहीच बोलले नाही, थांबले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कोणीतरी काहीतरी सांगतं, सगळे हसतात. मग मी पण हसतो."

"कशावर हसले ते?"

"ते नाही कळत." आणि मग खाली बघून, "एकदा एकजण बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होता. मी हसलो."

त्या दिवसानंतर ते गेले नव्हते.

त्यांना केंद्र नको नव्हतं, माणसं तर त्यांना हवीच होती, पण चारचौघांत असं हसू होण्यापेक्षा त्यांनी एकटेपणा पत्करला आणि वर "मला नाही जमत" असं झाकण लावलं. घरच्यांना त्या झाकणाचा हट्ट दिसत होता, खालची लाज नाही. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुती तपासून बघायच्या, आणि अशा वेळी ती फार उपयोगी पडते. कमी ऐकू येणं ही अडचण आहेच, पण माणसाला घरात कोंडून ठेवते ती तिच्या मागची समजूत, की हे लोकांना कळलं तर माझी किंमत संपली. मी त्यांना विचारलं, "तुमच्या मित्राला ऐकू येत नाही असं कळलं तर त्याची किंमत कमी कराल?" ते चटकन म्हणाले, "छे, जवळ जाऊन बोलेन." आणि स्वतःच थांबले. पुढचं मला फारसं सांगावं लागलं नाही.

त्यांना एकच काम दिलं. केंद्रात एका माणसाला स्वतःहून सांगायचं, "मला कमी ऐकू येतं, जरा समोर बसून बोलाल?" लाजेची गोष्ट मुद्दाम करून बघायची हे एलिस यांचंच तंत्र. ते करून आले. त्या माणसाने म्हणे लगेच सांगितलं की त्यालाही डाव्या कानाने नीट येत नाही.

हे नवल नाही खरं तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार साठीच्या पुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त लोकांना थोडंफार तरी कमी ऐकू येतं. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श सारखी व्यंजनं पुसट होतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि गोंगाटात तर मुळीच नाही. घरात एकाशी एक बोलणं बऱ्यापैकी जमतं म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. टीव्हीचा आवाज वाढलाय हे या मुलीने बघितलं होतं, पण केंद्राशी त्याचा संबंध असेल असं तिला वाटलं नाही.

तर तुमच्या घरी असं असेल तर आधी कान डॉक्टरांना दाखवा, कधीकधी नुसता मळ असतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. कानाचं मशीन घ्यायचं ठरलं तर पहिले काही आठवडे सगळेच आवाज अंगावर येतात, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते कपाटात जातं. ओरडू नका, ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत आणि कानाला त्रास होतो. तोंड उजेडात ठेवून, सावकाश, समोरून बोला.

आणि कान ठीक असतील तरी "काय व्हायचं" हा प्रश्न सोडू नका. मला मिळालेली उत्तरं अशी: टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वेळेत पोचू का याची धास्ती (ही मुलांना कधीच सांगितली जात नाही), परत येताना अंधार होतो, जिन्याला कठडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही स्वच्छतागृह, बसायला बाक, वाहतूक या गोष्टी आहेत, कारण कार्यक्रम कितीही छान असला तरी तिथपर्यंत पोचून निर्धास्त बसता आलं पाहिजे.

हे काका आता वाचन गटात जातात. छोटी खोली, मोजकी माणसं, एका वेळी एकच जण बोलतो. मोठ्या हॉलमध्ये ते अजूनही बसत नाहीत आणि त्यांनी तिथे बसावं असा आग्रह मुलीनेही सोडलाय. केंद्र चालवणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, गप्पांसाठी एक शांत खोली वेगळी ठेवा आणि नाव नोंदवताना ऐकायला, चालायला, जिन्याला काही अडचण आहे का हे प्रत्येकाला विचारा, सगळ्यांनाच विचारलं की कोणालाच ओशाळं वाटत नाही.