क्रेन आपोआप चालू लागली, तर अपघात थांबतील का?

प्रश्न : आमच्या गृहप्रकल्पावर तीन टॉवर क्रेन आहेत. स्वयंचलित नियंत्रण बसवले की ऑपरेटरची गरज उरणार नाही आणि कामही झपाट्याने होईल, असे ठेकेदार सांगतो. त्यावर कितपत विसंबावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नियंत्रण जरूर बसवावे, मात्र ऑपरेटर कमी करण्यासाठी नव्हे. क्रेनची क्षमता नुसत्या टनांत सांगता येत नाही; वजन आणि क्रेनच्या मनोऱ्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ती ठरते, म्हणून 15 मीटरवर 8 टन पेलणारी क्रेन 40 मीटरवर जेमतेम 3 टन उचलते. हा हिशेब यंत्राने अखंड ठेवावा आणि मर्यादा गाठताच ट्रॉली (क्रेनच्या आडव्या हातावरून भार पुढे-मागे नेणारी गाडी) पुढे सरकू देऊ नये, मागे मात्र घेता यावी. तीन क्रेन असल्याने जिबांची, म्हणजे त्या आडव्या हातांची, टक्कर टाळणारी यंत्रणाही हवीच.

कामाचा वेग वाढतो तो झोका आवरल्यामुळे. 25 मीटर दोरावर लटकलेल्या भाराचा एक झोका पूर्ण व्हायला साधारण 10 सेकंद लागतात, मग भार हलका असो वा जड. तो थांबेपर्यंत खालचे रिगर, म्हणजे भार बांधणारे-सोडवणारे कामगार, ताटकळतात, शेवटी कुणीतरी त्याला हात घालतो आणि तिथेच बोटे चिरडतात. संगणक ट्रॉलीचा वेग झोक्याच्या तालाने कमी-जास्त करतो, त्यामुळे भार जवळजवळ स्थिर अवस्थेत जागेवर पोहोचतो.

रॉटरडॅम बंदरात 1993 पासून कंटेनर रचणाऱ्या क्रेन चालकाविना चालतात, हे खरे. पण तिथे भार ठरावीक मापाचा असतो आणि त्या आवारात माणसांना मज्जाव असतो. इमारतीवर सकाळी सळयांची मोळी, तर दुपारी शटरिंगच्या प्लेटा. स्लिंग (भाराभोवती बांधायचा पट्टा किंवा दोर) नीट बसला आहे का, हे भार मोजणाऱ्या सेन्सरला कळत नाही. अमेरिकेत मिलवॉकी येथे 14 जुलै 1999 रोजी स्टेडियमच्या छताचा 400 टनांहून जड भाग उचलताना महाकाय क्रेन कोसळून 3 कामगार दगावले. वाऱ्याचा त्या अवाढव्य छतावर पडणारा दाब हिशेबातच धरलेला नव्हता.

म्हणून भारमर्यादा यंत्रणेची बायपास चावी (ती यंत्रणा तात्पुरती बाजूला ठेवणारी) सुरक्षा अधिकाऱ्याकडेच राहील आणि ती फिरवल्याची प्रत्येक नोंद तुम्हाला पाहता येईल, असे करारात लिहून घ्या, कारण स्लॅबची घाई असली की सर्वांत आधी तीच चावी फिरवली जाते.