आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. रिपीटर घेऊ की जास्त ताकदीचा राउटर?

दोन्ही नका घेऊ. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, फायबरचा डबा (कंपनीचा वायफाय राउटर) दाराजवळच्या भिंतीवर आहे, हॉलमध्ये पूर्ण स्पीड मिळतो आणि दोन भिंती ओलांडून बेडरूममध्ये गेलं की आठ-दहावर येतो. म्हणजे जोडणी ठणठणीत आहे आणि राउटरही ठीक आहे. दुखणं जागेचं आहे, आणि त्यावर नवा राउटर म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी रिपीटरबद्दल, कारण या वस्तूवर माझा जुना राग आहे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा तुमच्या फोनला सांगतो. दोन्ही कामं एकाच चॅनलवर, आळीपाळीने. त्यामुळे राउटरकडून त्याला जेवढं मिळतं त्याच्या जेमतेम निम्मंच पुढे जातं. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे सिग्नल येत नाही तिथेच! आमच्या मेहुण्यांनी हेच केलं. बेडरूमच्या सॉकेटला रिपीटर, फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि व्हिडिओ कॉल दर दोन मिनिटांनी गोठलेला. त्या दांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या असतात. रिपीटर आणि राउटर यांच्यात काय चाललंय ते फोनला कळतच नाही. त्या रिपीटरच्या सेटिंग पानावर राउटरचा सिग्नल उणे ७८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्यापासून जितकं दूर तितकं कमजोर) दाखवत होता. उणे ६७ पर्यंत असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली फार आशा ठेवू नये, आणि दर ३ डीबीला ताकद निम्मी होते हेही ध्यानात ठेवा.

मग त्यांनी सहा ॲन्टेनांचा राउटर आणला. ॲन्टेना वाढल्या म्हणून भिंत पातळ होत नाही. शिवाय राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज तेवढाच राहतो. खोक्यावरचा '१२००' हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ एमबीपीएस यांची वर ढकलून गोल केलेली बेरीज आहे, तीही कागदावरची. अशा बऱ्याच स्वस्त राउटरांचे मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. २०० चा प्लॅन त्यातून कसा जाणार?

त्यात हा नवा राउटर त्यांनी कंपनीच्या डब्याच्या पुढे सरळ जोडून दिला. आता घरात दोन राउटर, दोघेही उपकरणांना आयपी पत्ते वाटतात, दोघेही नॅट (घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या एका पत्त्यात रूपांतर) करतात. प्रिंटर नव्या राउटरवर, फोन जुन्यावर, म्हणून फोनला प्रिंटर दिसेना. मग प्रिंटरला शिव्या. दुसरा राउटर राउटर म्हणूनच हवा असेल, तर कंपनीकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम सोडून जोडणी नुसती पुढे देणारा) करून घ्यायचा आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने सुरू होणारी जोडणी) असेल तर युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचा (तेव्हा एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२). नाहीतर दुसऱ्याला निमूट ॲक्सेस पॉइंट (पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा) करायचं. तिसरा मार्ग नाही.

माझं उत्तर हे दुसरंच आहे: वायर ओढा. दाराजवळच्या डब्यापासून बेडरूमपर्यंत एक कॅट-६ केबल आणि तिच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर, बस्स. जुन्याचे पोर्ट १०० चे असले तर ९५ च्या आसपास थांबाल, तरी आजच्या आठ-दहापेक्षा कितीतरी बरं.

जुना राउटर मुख्य डब्याला जोडण्याआधी त्याचं सेटिंग करून घ्या. रीसेट करा, लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या) लावा. मेनूमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, पुढचं तो स्वतः करतो. नसेल तर आधी त्याचा लॅनचा आयपी बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, पण मुख्य डब्याची डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) यादी कुठून सुरू होते ते बघून, तिच्या बाहेरचाच. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी बंद करा. हाच क्रम ठेवा. डीएचसीपी चालू ठेवून जोडलंत तर दोघेही पत्ते वाटत सुटतील आणि काही उपकरणांना नेट मिळेल, काहींना नाही. मग केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात. वॅनचा (इंटरनेट आत येण्याचा) पोर्ट रिकामा.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे हुबेहूब एकच ठेवा. चॅनल मात्र वेगळे. २.४ वर १, ६, ११ यांपैकीच, कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीला हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. एकाला १, दुसऱ्याला ११. शेजाऱ्यांची गर्दी टाळायला ३ किंवा ४ निवडणारे हुशार लोक दोन्ही बाजूंचा गोंगाट ओढवून घेतात. २.४ वर रुंदी ४० करू नका. ५ गिगाहर्ट्झवर ८० चालेल, एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९, तुमच्याकडे परवानगी असेल तसं. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटर ते सुरू करण्याआधी निदान एक मिनिट ऐकत बसतो आणि रडार दिसलं तर चॅनल सोडून पळतो. 'वायफाय अधूनमधून आपोआप गायब होतं' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

हॉलमधून बेडरूममध्ये आल्यावरही फोन हॉललाच चिकटून बसला, तर हॉलच्या राउटरची पॉवर 'मध्यम' करा. कुणाला धरायचं हे फोन ठरवतो, आणि दूरचा आवाज पुरेसा मोठा असला की तो सोडत नाही.

केबलचं बोलायचं तर कंजूषी इथेच नडते. शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार क्रिंप करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) तुटते. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्या जोडीच्या मधोमध येण्यातच लोक चुकतात. स्पीड सगळीकडे ९४-९५ वर अडकला तर प्लॅनला दोष देऊ नका. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट बसली नसेल तर नेट चालू राहतं, पण गिगाबिटऐवजी १०० वर उतरतं. लॅपटॉपवर लिंक स्पीड बघा, १००० दिसलं पाहिजे. १०० मीटरपर्यंत केबलला कसलीच अडचण नाही, तुमचं घर एवढं मोठं नसावं. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका.

"वायरलेसच्या जमान्यात भिंतीवरून वायर कोण नेतं?" असं आमचे मेहुणे म्हणतात. उत्तर सोपं आहे: तुमचा वायफाय डबाही वायरनेच जोडलेला आहे. फोनला वायर नको हे मान्य. टीव्ही, डेस्कटॉप, ॲक्सेस पॉइंट हे जागचे हलत नाहीत, त्यांना हवेतून नेट देऊन हवा कशाला अडवायची? आणि शोभेचं म्हणाल तर चपटी पीव्हीसी पट्टी स्कर्टिंगच्या वर चिकटवली की आठवड्याने दिसेनाशी होते. सहा ॲन्टेनांचा तो काळा कोळी शोकेसवर रोज दिसतो त्याचं काय?

भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावता येत नसेल, तर मेश (आपापसात वायफायने बोलणाऱ्या नगांचा संच) घ्या. पण तिसरा रेडिओ फक्त आपापसात बोलायला राखून ठेवणारा. आणि दुसरा नग बेडरूममध्ये नव्हे, अर्ध्या वाटेवर ठेवा. नवा राउटर घ्यायचाच असेल तर गिगाबिट पोर्ट आणि वायफाय ६, बाकी जाहिरात.

हे सगळं करण्याआधी फुकटातलं एक करून बघा. डबा टीव्हीच्या किंवा लोखंडी कपाटाच्या मागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. फायबरची पिवळी किंवा पांढरी दोरी असते ती करकचून वाकवू नका, लाल दिवा लागला तर कारण बहुधा तीच. सुरक्षेत टीकेआयपी (जुनी सुरक्षा पद्धत) निवडलेलं असेल तर बदलून डब्ल्यूपीए-२ एईएस करा, कारण टीकेआयपीवर वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याचा आठ आकडी पिन २०११ पासून फोडता येतो.