विदुषी, नेत्री आणि रवीची दोरी

किनवटहून प्रश्न आलाय. गोंड, कोलाम, आंध समाजांतल्या पीएचडी करणाऱ्या मुली एकमेकींचे प्रबंध तपासतात, एकीच्या गावच्या ग्रामसभेला बाकीच्या पाठीशी येऊन बसतात. त्यांच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर 'आदिवासी महिला विदूषी व महिला नेता' असं छापलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी तो दीर्घ 'दू' काढा. 'विदुषी' हे 'विद्वस्'चं स्त्रीरूप, धातू 'विद्', म्हणजे जाणणं. दीर्घ 'दू' येतो 'दूष्' धातूतून, आणि तिथून निघतो विदूषक. वर्षानुवर्षं खपून प्रबंध लिहिणारीला एका उकारापायी त्या घरात ढकलायचं? फलकांवर हे सर्रास चाललंय. शिवाय विदुषी बाईच असते, 'महिला' कशाला?

'महिला नेता' तर त्याहून खटकतं. मूळ शब्द 'नेतृ', म्हणून तर आपण 'नेतृत्व' म्हणतो. त्याचं स्त्रीरूप 'नेत्री'. 'नेता' मराठीत दोन्ही लिंगांना चालतो, असं काही जाणकार ठासून सांगतात. मग त्यांनी 'महिला अभिनेता'ही लिहावं. 'अभिनेत्री' जिभेवर रुळते आणि 'नेत्री' अवघड वाटते, याचं कारण व्याकरणात नाही. तो शब्द वापरायची वेळच आपण फार कमी येऊ दिली.

आता खरी गंमत. याच 'नी' धातूपासून 'नेत्र' झाला: ज्याच्या आधारे पुढं नेलं जातं तो. म्हणून डोळा नेत्र, आणि संस्कृतात घुसळायची दोरीसुद्धा नेत्र! महाभारताच्या आदिपर्वात मंदर पर्वत रवी होतो आणि वासुकी नाग नेत्र. मोठ्या डेऱ्यावर दोघी समोरासमोर असल्या की एकीनं ओढताना दुसरीनं सैल सोडायचं. दोघींनी एकदम ओढलं तर रवी अडकते, दोघींनी सोडलं तर थांबते. माझ्या मते 'नेत्री' ऐकताना डोळ्याआधी ही दोरीच आठवावी. आज एकीचं प्रकरण दुसरी वाचते, उद्या दुसरीचं पहिली. लोणी येतं ते अशा आलटूनपालटून ओढण्यानंच.

पत्रिकेवर 'आदिवासी विदुषी आणि उदयोन्मुख नेत्री : परस्पर साहाय्य मेळावा' असं छापा. 'साहाय्य'च, 'सहाय' म्हणजे मदत करणारा, मदत म्हणजे साहाय्य. अनेकवचनही 'नेत्री'च, विभक्तीत 'नेत्रींना', 'नेत्रींची'. गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या भाषा, तिथं संस्कृतचे प्रत्यय लादू नका. पत्रिकेवरच्या त्या भाषांतल्या ओळी या मुलींकडूनच लिहून घ्या आणि मराठीच्या वर छापा.