पिल्लाच्या शीत जंत दिसले, माणसांची गोळी देऊ का?

रस्त्यावरून आणलेलं दीड महिन्याचं पिल्लू, पोट टम्म, खातं भरपूर पण अंगी लागत नाही, आणि आज शीत लांब पांढरे जंत दिसले. घरात मुलांची अल्बेंडाझोलची गोळी आहे, ती अर्धी करून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून देऊ नका. कुत्र्यांमध्ये त्या औषधाचा अस्थिमज्जेवर वाईट परिणाम होऊ शकतो, आणि एवढ्याशा जिवाला अर्धी गोळीसुद्धा फार होते.

आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर उद्या सकाळी दवाखान्यात नेलं तरी चालेल. पांढुरक्या पडल्या असतील, शी काळी डांबरट असेल किंवा पिल्लू मलूल होऊन पडून राहत असेल, तर आजच न्या. आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी लहान पिल्लाचा जीव घेऊ शकतात.

शेजारच्या आजी म्हणतात तसं गुळामुळे जंत होत नाहीत. तुम्हाला दिसले तसे लांब पांढरे जंत म्हणजे बहुधा गोल जंत. त्यांच्या अळ्या आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, पुढे दुधातूनही येतात. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लालाही औषध द्यावंच लागतं. एवढ्या लहान वयात डॉक्टर बहुधा पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा वजन नीट करून घ्या. औषधानंतर एक-दोन दिवस शीतून जंत पडतील, घाबरू नका. पण एका डोसवर थांबू नका, कारण अंगात फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात. साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, असा क्रम ठेवतात.

शेपटीखाली भाताच्या शितांसारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे. त्याला प्राझिक्वांटेल लागतं. हे जंत बहुतेक वेळा पिसवा गिळल्याने होतात, तेव्हा पिसवांचाही बंदोबस्त करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

शी रोजच्या रोज उचला. गोल जंतांची अंडी मातीत काही आठवडे राहिली की मगच ती लागण करण्याजोगी होतात, त्यामुळे ताजी शी उचलली तर अंगणात खेळणारी तुमची मुलंही वाचतात. मुलांना हात धुवायची सवय लावा.

आता आपल्या कोल्हापुरापुरतं, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. रविवारी मटण आणायला गेलं की कुत्र्यासाठी म्हणून फुफ्फुस, काळजाचे (यकृताचे) तुकडे सहज मिळतात. ते कच्चे घालू नका. बकऱ्याच्या काळजात, फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले फोड असतात. ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात. ते शीत डोळ्यांना दिसत नाहीत, कुत्रंही ठणठणीत असतं. पण त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तशाच गाठी होतात आणि कधी ऑपरेशनपर्यंत पाळी येते. फोड असलेला तुकडा शिजवूनही घालू नका आणि गल्लीतल्या कुत्र्यांपुढेही टाकू नका, खोल पुरा. बाकीचं चांगलं अर्धा तास उकळूनच द्या. दुकानदारालाही हे सांगून ठेवा, कारण त्याच्या दारात बसलेली कुत्री तेच खातात.