न्यूमोनियाचा ताप हटत नाही. छातीत पू झालाय का?

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात एक्स-रेची सोय नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाचा ताप तीन दिवस औषध देऊनही उतरला नाही, तर छातीत पू झालाय हे नुसतं तपासून कळेल का?
– समुदाय आरोग्य अधिकारी, ता. केज, जि. बीड

उत्तर : फुप्फुसाभोवती पाणी साठलंय, एवढं कळतं. ते साधं पाणी की पू, हे सुईने काढल्याशिवाय ठरत नाही.

रुग्णाला बसवा, सदरा काढायला सांगा. खोल श्वास घेताना छातीची कुठली बाजू कमी हलते ते पाहा. मग डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांमध्ये घट्ट टेकवून त्यावर ठोका. पाठीवर वरून खाली, प्रत्येक जागी दोन्ही बाजू ताडून. पाण्यावर दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज येतो. उजवीकडे पुढून यकृतही बद्दच वाजतं, म्हणून पाठ आणि काख सोडू नका.

खरी गफलत इथं होते : घट्ट झालेलं न्यूमोनियाचं फुप्फुसही बद्द वाजतं. त्यासाठी तळहात टेकवून रुग्णाला 'एक-एक-एक' म्हणायला लावा. न्यूमोनियात हाताला जाणवणारा आवाजाचा कंप वाढतो, पाण्यावर तो कमी होतो आणि श्वासाचा आवाजही दबतो. फुप्फुसात जाणारी श्वासनळीची फांदी चोंदून फुप्फुस मिटलं तरी कंप जातो; पण तेव्हा गळ्यातली मुख्य श्वासनलिका त्याच बाजूला ओढली जाते. पाणी पुष्कळ असेल तर ती विरुद्ध बाजूला ढकलली जाते.

थंडी वाजून येणारा ताप, बरगड्यांमधली जागा भरलेली, दाबल्यावर दुखणारी, वरच्या त्वचेला सूज : यावरून पुवाचा संशय बळावतो. ही लक्षणं नसली तरी पू नाही, असं समजू नका. साधारण ३०० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी हाताला लागतच नाही, ते सोनोग्राफीत दिसतं.

त्यामुळे ताप हटत नाही आणि एक बाजू बद्द वाजतेय, एवढ्यावर रुग्ण त्याच दिवशी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. उपकेंद्रात सुई घालू नका. पू निघाला किंवा पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ पेक्षा कमी आला, तर छातीत नळी घालावी लागते. उशीर झाला की पुवात जाळ्या धरून कप्पे होतात, मग एका नळीने तो निघत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. क्षयाची तपासणीही तिथं होऊ द्या.

चिठ्ठीत कुठली बाजू, बद्दपणा कुठून सुरू होतो, मिनिटाला श्वास किती आणि कुठलं अँटिबायोटिक कधीपासून दिलं, हे लिहा. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर तो लावूनच १०८ ने पाठवा.